काम एका घरी, कागद दुसऱ्या घरी

कॅनडात कायमस्वरूपी वास्तव्याचा हक्क, म्हणजे ज्याला सर्रास ‘पीआर’ म्हटले जाते तो, मिळवू पाहणाऱ्या माणसाला आपले वय, शिक्षण आणि भाषेची जाण सिद्ध करणे तुलनेने सोपे जाते, कारण पासपोर्ट, पदवी आणि भाषापरीक्षेचा निकाल ही कागदपत्रे प्रत्येकी एकेका अधिकृत संस्थेने दिलेली असतात आणि त्यांचा अर्थ लावण्यात मतभेदाला फारशी जागा नसते. कामाच्या अनुभवाचे तसे नाही. अनुभव म्हणजे घडून गेलेले दिवस, आणि त्या दिवसांना साक्षीदार लागतो. एजन्सीमार्फत कंत्राटावर केलेल्या कामाला तर एक साक्षीदार पुरतच नाही, कारण ज्याने पगार दिला त्याने काम पाहिलेले नसते आणि ज्याने काम पाहिले त्याच्या हजेरीपटावर त्या माणसाचे नाव नसते.

ही रचना महाराष्ट्रातल्या वाचकाला नवी नाही. हिंजवडी, खराडी, ऐरोली किंवा महापे येथील एखाद्या मोठ्या कंपनीच्या मजल्यावर शेजारीशेजारी बसून एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एक कंपनीचा स्वतःचा नोकर असतो आणि दुसरा ‘थर्ड पार्टी पेरोल’वर, म्हणजे मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पगारपटावर असतो, त्याला नेमणुकीचे पत्र, पगार आणि भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता एजन्सीकडून मिळतो, आणि काम, वेळापत्रक व सूचना ज्या कंपनीत तो बसतो तिच्याकडून, म्हणजे ‘क्लायंट’कडून मिळतात. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत अशाच माणसाला ‘ठेकेदाराकडचा’ म्हणतात. कोकणातून आखातात गेलेला वेल्डर किंवा फोरमन मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीच्या व्हिसावर राहतो आणि वर्षानुवर्षे एखाद्या तेलशुद्धीकरण प्रकल्पात राबतो, तेव्हा तिथेही हाच दुभंग असतो. साखळी कधी कधी आणखी लांबते: क्लायंटने एका मोठ्या पुरवठादाराला काम दिलेले असते, त्याने ते छोट्या पुरवठादाराकडे सोपवलेले असते, आणि प्रत्यक्ष माणूस या शेवटच्या कडीवर नोकरीला असतो. अशा माणसाचे काम खोटे नसते, अनेकदा ते कायम नोकराच्या कामापेक्षा अवघड असते; तरी ते सिद्ध करण्याची वेळ आली की अडचणीत तोच सापडतो, आणि हा अन्याय त्याने ओढवून घेतलेला नसून कामाच्या रचनेतूनच त्याच्या वाट्याला आलेला असतो.

कॅनडाने १९६७ साली स्थलांतरितांच्या निवडीसाठी गुणपद्धती स्वीकारली, आणि जानेवारी २०१५ पासून केंद्र सरकारच्या कुशल कामगार योजनांचे अर्ज ‘एक्स्प्रेस एंट्री’ या व्यवस्थेतून हाताळले जातात. तिच्यात तीन योजना येतात. ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ ही योजना मुख्यतः देशाबाहेरून येणाऱ्या कुशल माणसांसाठी आहे. ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास’ ही २००८ साली सुरू झालेली योजना कॅनडातच काम केलेल्यांसाठी आहे. आणि ‘फेडरल स्किल्ड ट्रेड्स’ ही वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या कारागिरांसाठी आहे. पहिल्या योजनेत मागील १० वर्षांत एकाच व्यवसायात किमान १ वर्ष सलग, सशुल्क आणि पूर्णवेळ काम झालेले असावे लागते, आणि पूर्णवेळ याचा अर्थ आठवड्याला ३० तास, म्हणजे वर्षाचे १,५६० तास. दुसऱ्या योजनेत मागील ३ वर्षांत कॅनडात, तिथे काम करण्याच्या वैध परवान्यावर, तेवढेच तास भरलेले असावे लागतात, मात्र ते सलग असण्याची अट नाही. आठवड्याला ६० तास राबून सहा महिन्यांत वर्ष भरता येत नाही, कारण ३० च्या वरचे तास हिशेबात धरलेच जात नाहीत.

व्यवसाय कोणता, हे पदनामावरून ठरत नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात प्रत्येक व्यवसायाला पाच आकडी क्रमांक आहे, आणि नोव्हेंबर २०२२ पासून एक्स्प्रेस एंट्रीत वापरल्या जाणाऱ्या त्याच्या २०२१ च्या आवृत्तीत व्यवसायांची ० ते ५ अशा सहा पातळ्यांत विभागणी केलेली आहे. त्या पातळ्यांना ‘टीअर’ म्हणतात, आणि प्रशिक्षण, शिक्षण, अनुभव व जबाबदारी यांच्या प्रमाणावर त्या ठरतात. या क्रमांकाखाली आधी व्यवसायाचे दोनचार ओळींचे मुख्य वर्णन असते आणि मग प्रमुख कर्तव्यांची यादी असते. अर्जदाराने मुख्य वर्णनात सांगितलेले काम आणि यादीतील कर्तव्यांचा बराचसा भाग, आवश्यक म्हटलेल्या कर्तव्यांसह, प्रत्यक्ष केलेला असावा, अशी नियमाची भाषा आहे. म्हणून एजन्सीने नेमणूकपत्रात ‘कन्सल्टंट’, ‘असोसिएट’ किंवा ‘रिसोर्स’ असे मोघम पदनाम लिहिले म्हणून अनुभव वाया जात नाही, तसेच ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ लिहिले म्हणून तो आपोआप सिद्धही होत नाही. ब्रॅम्प्टन किंवा मिसिसागा येथील गोदामात एजन्सीमार्फत माल हलवण्याचे काम केलेल्या विद्यार्थ्याकडे पगाराचा प्रत्येक कागद असला, तरी ते काम वर्गीकरणात ७५१०१ या क्रमांकाखाली, म्हणजे पातळी ५ मध्ये मोडते आणि कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लाससाठी पातळी ० ते ३ मधलेच काम चालते. तिथे पुराव्याचा प्रश्न उद्भवतच नाही.

आता मूळ अडचण. अनुभवासाठी मागितला जाणारा मुख्य कागद म्हणजे नियोक्त्याचे अनुभवपत्र, आणि त्यात काय असावे याची अपेक्षा कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलेली आहे: पत्र कंपनीच्या अधिकृत लेटरहेडवर असावे; त्यात अर्जदाराचे नाव, कंपनीचा पत्ता, दूरध्वनी आणि ई-मेल असावा; थेट वरिष्ठाचे किंवा मनुष्यबळ विभागातील अधिकाऱ्याचे नाव, पद आणि सही असावी; आणि कोणकोणती पदे सांभाळली, प्रत्येक पदाचा कालावधी, कर्तव्ये व जबाबदाऱ्या, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ हे सारे नमूद असावे. या यादीमागे एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की पगार देणारा, वेळ मोजणारा आणि काम सांगणारा हे तिघे एकाच छताखाली बसतात. कायम नोकरीत ते खरे असते. एजन्सीच्या नोकरीत पगार, तारखा आणि लाभ हा अर्धा भाग एजन्सी सहीनिशी सांगू शकते, पण कर्तव्यांविषयी तिच्या मनुष्यबळ विभागाला पदनामापलीकडे बहुधा काही ठाऊक नसते. आणि कर्तव्यांविषयी तासभर बोलू शकेल असा क्लायंटकडचा व्यवस्थापक पगाराविषयी एक ओळही लिहू शकत नाही.

मग क्लायंटने निदान कर्तव्यांपुरते पत्र का देऊ नये, असा प्रश्न साहजिक पडतो, आणि नकार मिळालेल्या माणसाला तो नकार माणुसकीशून्य वाटतो. त्यामागे भारतीय कामगार कायद्याचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय या नकाराचा अर्थ लागत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ‘मुख्य नियोक्ता’ आणि ‘ठेकेदार’ असे दोन पक्ष मानले. वेतन देण्याची पहिली जबाबदारी ठेकेदारावर टाकली आणि त्याने ते न दिल्यास मुख्य नियोक्त्याने द्यावे असे ठरवले. पुढे प्रश्न आला की ठेका हा निव्वळ देखावा असेल तर कामगार कोणाचा? मुंबईतील इमारतींच्या साफसफाईच्या कंत्राटावरून उद्भवलेल्या एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली कंत्राटी कामगारांना आपोआप सामावून घेण्याच्या बाजूने निकाल दिला. स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडियाच्या खटल्यात २००१ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल बदलून आपोआप सामावून घेणे नाकारले, मात्र ठेका केवळ बुरखा असल्याचे औद्योगिक न्यायालयात सिद्ध झाले तर कामगार मुख्य नियोक्त्याचाच मानला जाईल हे तत्त्व कायम ठेवले. या उरलेल्या तत्त्वाची धास्ती कंपन्यांच्या विधी विभागांना आजही वाटते. ‘हा मनुष्य आमच्या व्यवस्थापकाच्या देखरेखीखाली, आमच्या वेळापत्रकानुसार, आमचेच काम करत होता’ असे लेटरहेडवर लिहून देणे म्हणजे आपल्याच हाताने नोकरीच्या नात्याचा पुरावा तयार करणे, असे त्यांना वाटते. आणि नेमकी हीच वाक्ये स्थलांतराच्या अर्जाला हवी असतात. इथे एका देशाच्या कायद्याला जे वाक्य धोक्याचे वाटते, तेच दुसऱ्या देशाच्या कायद्याला पुरावा म्हणून हवे असते, आणि मधे सापडतो तो कामगार.

कायद्याने या कामगारासाठी काहीच केले नाही असे नाही. १९७० च्या कायद्याखालील केंद्रीय नियमांत, जे १९७१ साली आले, ठेकेदाराने प्रत्येक कामगाराला नमुना १४ मधील रोजगार कार्ड आणि काम संपल्यावर नमुना १५ मधील सेवा प्रमाणपत्र द्यावे अशी तरतूद होती. त्यात कामाचा कालावधी आणि स्वरूप लिहायचे असे. संगणकक्षेत्रातल्या कंत्राटी माणसाने हे प्रमाणपत्र मागितल्याचे क्वचितच आढळे, कारण हा कायदा आपल्यासारख्यांसाठी नाही, बांधकामावरच्या मजुरांसाठी आहे, अशी त्याची समजूत असे. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या, व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, कलम ५६ मध्ये याहून स्पष्ट शब्द आहेत: कंत्राटी कामगाराने मागणी केल्यास ठेकेदाराने त्याने केलेल्या कामाचा तपशील देणारे अनुभव प्रमाणपत्र द्यायचे आहे. मात्र याच संहितेतील व्याख्येनुसार, जो माणूस ठेकेदाराकडे नियमित नोकरीत आहे, ज्याला ठराविक काळाने पगारवाढ मिळते आणि सामाजिक सुरक्षेचे लाभ मिळतात, तो ‘कंत्राटी कामगार’ या संज्ञेत येत नाही; त्यामुळे मोठ्या एजन्सीच्या पगारपटावरील अभियंत्याला या कलमाचा आधार मिळेलच असे नाही. तरीही ‘कामाचा तपशील’ लिहून देणे हे ठेकेदाराचे कर्तव्य असू शकते ही कल्पना कायद्याच्या पुस्तकात आली आहे, ही गोष्ट लहान नाही, आणि एजन्सीकडे पत्र मागताना तिचा उल्लेख करण्यात काहीच गैर नाही.

प्रत्यक्षात जो मार्ग उरतो तो दोन पत्रांचा. अर्जात नियोक्ता म्हणून एजन्सीचेच नाव लिहायचे, कारण नोकरीचा करार तिच्याशी आहे आणि पगार तिच्या खात्यातून आला आहे; आणि मुख्य अनुभवपत्रही तिच्याच लेटरहेडवर घ्यायचे. या पत्राचा प्राण एका वाक्यात असतो, आणि ते वाक्य बहुतेक एजन्सींच्या छापील नमुन्यात नसते: अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्या नोकरीत होती व त्या काळात अमुक क्लायंट कंपनीच्या अमुक ठिकाणच्या कार्यालयात प्रतिनियुक्तीवर काम करत होती. हे वाक्य असले की पुढचे सारे कागद जुळतात. ते नसले की एजन्सीच्या पगारपावत्या आणि क्लायंटच्या नावाचे ओळखपत्र एकमेकांशी भांडू लागतात, आणि फाइल तपासणाऱ्या अधिकाऱ्याला दोन वेगळ्या नोकऱ्या दिसतात किंवा, त्याहून वाईट म्हणजे, एकच खोटी नोकरी दिसते. कर्तव्यांचा मजकूर एजन्सीने क्लायंटकडच्या व्यवस्थापकाकडून ई-मेलने पडताळून घेऊन स्वतःच्या पत्रात घातला तर उत्तमच. पुष्कळ एजन्सी अर्जदारानेच मसुदा करून दिल्यास आणि वरिष्ठाची संमती जोडल्यास तसे करायला तयार होतात. ते जमले नाही तर क्लायंटकडच्या वरिष्ठाचे वैयक्तिक पत्र घ्यावे लागते, ज्यात तो आपले पद, अर्जदाराशी असलेले कामाचे नाते, कालावधी आणि कर्तव्ये लिहितो आणि हे पत्र कंपनीच्या वतीने नाही हे प्रामाणिकपणे नमूद करतो. अशा पत्राचे वजन लेटरहेडवरील पत्राइतके नसते, पण त्यासोबत वरिष्ठाचे ओळखपत्र किंवा व्यवसायपत्रिका आणि दोघांमधला कामाचा जुना पत्रव्यवहार असेल तर ते पोकळही राहत नाही. पत्रव्यवहार जोडताना क्लायंटची गोपनीय माहिती झाकणे हे अर्जदाराचे कर्तव्य आहे, कारण गोपनीयतेचा करार नोकरी संपल्यावरही बहुधा चालूच असतो.

कर्तव्ये लिहिताना एक मोह फार मोठा असतो: वर्गीकरणातील यादी जशीच्या तशी उतरवण्याचा. हा मोह टाळला पाहिजे, आणि तो केवळ शैलीचा प्रश्न नाही. सरकारी यादीतील वाक्ये शब्दशः उचललेली दिसली की पत्र लिहिणाऱ्याने काम पाहून लिहिले की यादी पाहून, ही शंका अधिकाऱ्याला येते, आणि अशा पत्राला कमी वजन देणे वाजवी आहे असे कॅनडाच्या फेडरल न्यायालयानेही मानले आहे. विमा कंपनीच्या दाव्यांची नोंद करणाऱ्या प्रणालीत कोणता भाग लिहिला, कोणती भाषा व कोणता डेटाबेस वापरला, चाचणीत सापडलेले दोष कोणी दुरुस्त केले, किती जणांच्या गटात काम होते, असा तपशील आला की २१२३२ या क्रमांकाखालील, म्हणजे सॉफ्टवेअर विकसकाच्या, वर्णनाशी त्याचे नाते वाचणाऱ्याला आपोआप कळते. कंत्राटी माणसाला इथे एक फायदाही असतो: त्याचे काम बहुधा ‘स्टेटमेंट ऑफ वर्क’ किंवा कार्यादेशात लिहिलेले असते आणि दर आठवड्याच्या टाइमशीटमध्ये त्याचे तास नोंदवलेले असतात. कायम नोकराकडे तासांचा इतका काटेकोर हिशेब क्वचितच असतो. क्लायंटच्या व्यवस्थापकाने मंजूर केलेली टाइमशीट ही तास आणि देखरेख या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर सिद्ध करते, आणि तरीही नोकरी सोडताना ती जपून ठेवण्याचे भान फार थोड्यांना असते, कारण त्या प्रणालीत शिरण्याचा पासवर्ड शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो.

पैशाचे कागद हे या पुराव्याचे दुसरे अंग. अनुभव ‘सशुल्क’ असावा लागतो, म्हणून पगारपावत्या आणि बँकेच्या खात्यातील जमा रकमा महत्त्वाच्या. पण पगारपावती एजन्सीच छापते, त्यामुळे तिला सरकारी नोंदीचा आधार असला तर बरे. भारतात असे दोन आधार सहज मिळतात. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याचा सार्वत्रिक क्रमांक, म्हणजे ‘यूएएन’, २०१४ पासून दिला जाऊ लागला, आणि त्याखालच्या पासबुकात कोणत्या आस्थापनेने कोणत्या महिन्याचा हप्ता भरला हे महिनागणिक दिसते. एजन्सी बदलल्या, तरी सेवेचा सारा इतिहास एका ठिकाणी राहतो. तिथले वेतन अनेकदा फक्त मूळ पगाराएवढे किंवा निधीच्या मर्यादेएवढे दाखवलेले असते, त्यामुळे ते अनुभवपत्रातील वार्षिक पगाराशी जुळत नाही, आणि ही तफावत आधीच समजावून सांगणे शहाणपणाचे असते.

दुसरा आधार आयकराचा, आणि त्यात एक फरक असा आहे, ज्यावर पुष्कळांचा संपूर्ण अर्ज उभा राहतो किंवा कोसळतो. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याखाली पगारावरचा कर कलम १९२ नुसार कापला जात असे आणि त्याचे प्रमाणपत्र म्हणजे नमुना १६. व्यावसायिक किंवा तांत्रिक सेवेच्या शुल्कावरचा कर कलम १९४जे नुसार कापला जात असे आणि त्याचे प्रमाणपत्र नमुना १६ए. महिन्याच्या महिन्याला तितकीच रक्कम जमा होते, ओळखपत्र तसेच असते, टेबल तेच असते. पण ज्याच्या हाती नमुना १६ए आला तो कायद्याच्या नजरेत एजन्सीचा नोकर नसून तिला सेवा पुरवणारा स्वतंत्र व्यावसायिक असतो. अनेकांना हे सही करताना कळलेलेच नसते. ‘टीडीएस फक्त दहा टक्के कापला जाईल, पीएफ कापला जाणार नाही, हातात जास्त येईल’ असे सांगून करार पुढे केला जातो आणि माणूस त्यावर आनंदाने सही करतो. पाच वर्षांनी अर्ज भरताना आपण नोकर होतो की नव्हतो, हा प्रश्न त्याच्यासमोर प्रथमच उभा राहतो.

उत्तर योजनेनुसार बदलते. भारतात किंवा आखातात अशा स्वतंत्र सल्लागाराच्या नात्याने केलेले काम फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत मोजले जाऊ शकते, फक्त त्याचा पुरावा वेगळा: व्यवसाय स्वतःचा असल्याचा कागद, त्यापासून झालेल्या उत्पन्नाच्या नोंदी, आणि सेवा घेणाऱ्या तिऱ्हाइताने दिलेले, सेवेचे स्वरूप व दिलेली रक्कम सांगणारे पत्र. स्वतःच लिहिलेली कर्तव्यांची यादी किंवा स्वतःचे प्रतिज्ञापत्र अशा कामाचा पुरावा म्हणून चालत नाही, असे इमिग्रेशन खात्याचे स्पष्ट म्हणणे आहे. म्हणून इथे एजन्सीचे पत्र नियोक्त्याचे नव्हे तर ग्राहकाचे असते, आणि त्यात ‘आमच्या नोकरीत होता’ असे लिहिले तर ते नमुना १६ए शी विसंगत ठरते. कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासमध्ये मात्र सामान्यतः स्वयंरोजगाराचा एक दिवसही धरला जात नाही. कॅनडात पदवी घेऊन, शिक्षणोत्तर कामाच्या परवान्यावर टोरांटोत एजन्सीमार्फत काम करणाऱ्या तरुणाला जेव्हा ‘स्वतःची कंपनी नोंदव आणि आम्हाला बिल पाठव’ असे सुचवले जाते, तेव्हा कराच्या दृष्टीने ते वैध असले तरी पीआरच्या दृष्टीने ते वर्ष हातचे जाण्याचा धोका असतो.

नोकर कोण आणि स्वतंत्र ठेकेदार कोण, हे केवळ करारावरच्या नावाने ठरत नाही, हे तत्त्व कॅनडाच्या न्यायालयांनी बरेच आधी प्रस्थापित केले. ‘वीब डोअर’ या १९८६ च्या खटल्यात आणि नंतर ‘सागाझ’ या २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात मध्यवर्ती प्रश्न असा मांडला गेला की ही व्यक्ती स्वतःच्या खात्यावर धंदा करत होती काय. आणि त्यासाठी कामावर ताबा कोणाचा, साधने कोणाची, मदतनीस नेमण्याची मुभा होती काय, नफा-तोट्याची जोखीम कोणावर, या बाबी एकत्र तोलल्या जातात. ज्या २००१ साली भारताचे घटनापीठ ठेका खरा की बुरखा हा प्रश्न हाताळत होते, त्याच वर्षी कॅनडाचे न्यायालय दुसऱ्या बाजूने त्याच प्रश्नापाशी आले होते, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. इमिग्रेशन अधिकारीही याच धर्तीवर विचार करतात. त्यामुळे नियोक्त्याने दिलेली ‘टी४’ ही पगाराची वार्षिक पावती हाती असणे आणि शुल्काची नोंद करणारी ‘टी४ए’ हाती असणे यांत मोठे अंतर असले, तरी टी४ए असलेल्याचा दावा पूर्णपणे संपतो असे नाही. लॅपटॉप क्लायंटचा, वेळ क्लायंटची, बदली माणूस पाठवण्याची मुभा नाही, जोखीम शून्य, हे कागदोपत्री दाखवता आले तर युक्तिवादाला जागा राहते. पण ती चढणीची वाट आहे. टी४, कॅनडाच्या कर खात्याचे करनिर्धारणपत्र आणि नोकरी संपल्यावर नियोक्ता देत असलेली ‘रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट’, ज्यात विमायोग्य तासांचीही नोंद असते, हे तीन कागद असलेल्या माणसाची वाट सपाट असते. ऑन्टारिओत तर तात्पुरत्या कामासाठी माणसे पुरवणारी एजन्सी हीच त्या माणसाची नियोक्ता, असे रोजगार मानकांच्या कायद्यात लिहिलेलेच आहे, आणि १ जुलै २०२४ पासून अशा एजन्सींना परवानाही सक्तीचा झाला आहे. त्यामुळे तिथे एजन्सीचे पत्र नियोक्त्याचे पत्र कसे, हे वेगळे पटवावे लागत नाही.

सलगतेचा मुद्दा कंत्राटी माणसाला विशेष जाचतो. क्लायंट तोच, टेबल तेच, पण पुरवठादार बदलला म्हणून पगारपट एका एजन्सीकडून दुसरीकडे गेला, तर नियोक्ते दोन होतात आणि पत्रेही दोन लागतात. मधे खंड नसेल आणि काम तेच असेल तर सलगता तुटत नाही, मात्र दोन्ही पत्रांतील तारखा एकमेकींना भिडल्या पाहिजेत. याउलट ‘बेंच’वरचा काळ, म्हणजे पगार चालू पण प्रकल्प नाही अशी अवस्था, नोकरी म्हणून सलग असतो, तरी त्या काळात कर्तव्ये पार पाडली असे म्हणता येत नाही. अर्जदाराला याचा हिशेब आधी मांडून ठेवणे हिताचे असते: बेंच वगळूनही लागणारे वर्ष भरते काय? भरत असेल तर तो काळ उघडपणे सांगून टाकावा. भरत नसेल, तर तो काळ अनुभवात मोजून गुण मागणे धोक्याचे, कारण एक्स्प्रेस एंट्रीत आधी गुण सांगितले जातात, त्यांवरून अर्ज करण्याचे आमंत्रण मिळते आणि पुरावा नंतर तपासला जातो; आमंत्रणाच्या वेळी सांगितलेली पात्रता पुराव्याने टिकली नाही, तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ११.२ नुसार व्हिसा देता येत नाही, मग उरलेला अर्ज कितीही चांगला असो.

आमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. पत्रासाठी एजन्सीच्या मनुष्यबळ विभागाला पहिला ई-मेल जर त्या ६० दिवसांत गेला, तर पत्र वेळेत हाती येण्याची शक्यता फार थोडी, आणि आले तरी ते छापील नमुन्यातलेच असते. ज्याला पुढेमागे कुठेही स्थलांतराचा विचार करायचा आहे त्याने प्रत्येक कंत्राट संपतानाच पत्र घ्यावे, क्लायंटकडचा वरिष्ठ अजून त्याच खुर्चीत असताना कर्तव्यांचा मजकूर त्याच्याकडून वाचून घ्यावा, आणि पासवर्ड बंद होण्यापूर्वी टाइमशीटच्या प्रती, जेवढ्या नियमांत बसतील तेवढ्या, जपाव्यात. इतके करूनही पत्र नाकारले गेले, तर तो नकारही लेखी घ्यावा. ‘कंपनीच्या धोरणानुसार कंत्राटी व्यक्तींना कर्तव्यांचे पत्र दिले जात नाही’ असा एका ओळीचा ई-मेल हा स्वतः एक पुरावा असतो, कारण अर्जासोबत जोडायच्या स्पष्टीकरणपत्रात ‘पत्र मिळाले नाही’ असे म्हणणे आणि ‘पत्र मागितले, त्यांनी हे उत्तर दिले, म्हणून त्याऐवजी पुढील कागद जोडले आहेत’ असे म्हणणे यांत विश्वासाचे अंतर फार मोठे असते. हे स्पष्टीकरणपत्र कंत्राटी माणसाच्या फाइलमधला सर्वांत महत्त्वाचा कागद होऊ शकतो. त्यात करार कोणाशी, पगार कोणाकडून, काम कोणासाठी, सूचना कोणाच्या, हे दीड-दोन पानांत क्रमाने सांगून प्रत्येक विधानापुढे कोणता जोडकागद पाहावा ते लिहिले, तर अधिकाऱ्याला कोडे सोडवत बसावे लागत नाही. सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो आणि अपुऱ्या पुराव्याबद्दल विचारणा करण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नसते, हे फेडरल न्यायालयाने वारंवार सांगितलेले आहे. पत्राच्या खरेपणाचीच शंका आली तर मात्र अर्जदाराला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते.

ही अडचण पाहूनच बनावट अनुभवपत्रांचा धंदा फोफावतो, आणि खरे काम केलेला माणूस त्याच्या वाटेला जातो तेव्हा विशेष वाईट वाटते. क्लायंटच्या लेटरहेडची नक्कल करून त्यावर अगदी खरी कर्तव्ये लिहिली, तरी कागद खोटाच राहतो. २००१ च्या इमिग्रेशन कायद्याचे कलम १६ सर्व प्रश्नांची खरी उत्तरे देण्याचे बंधन घालते, आणि कलम ४० नुसार चुकीची माहिती देणारा ५ वर्षे कॅनडासाठी अपात्र ठरतो. ही मुदत २०१४ पूर्वी २ वर्षांची होती. पडताळणीसाठी अधिकारी पत्रावरच्या क्रमांकावर दूरध्वनी करू शकतो, कंपनीला लिहू शकतो, आणि क्लायंटच्या मनुष्यबळ विभागाचे उत्तर ‘असा कोणी आमच्या नोंदीत नाही’ हेच असणार, कारण तो माणूस खरोखरच त्यांच्या नोंदीत नसतो. जिथे एजन्सीचे नाव स्पष्ट लिहिलेले असते तिथे हेच उत्तर निरुपद्रवी ठरते.

सर्वांत अवघड अवस्था येते ती एजन्सीच बंद पडल्यावर. छोट्या पुरवठादारांच्या बाबतीत हे घडते: कार्यालयाला कुलूप, संकेतस्थळ नाहीसे, मनुष्यबळ विभागातली व्यक्ती दुसऱ्या शहरात. अशा वेळी भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक आणि आयकर खात्याकडची नमुना २६एएस मधील नोंद हे कागद उपयोगी पडतात, कारण ते एजन्सीच्या कपाटात नसून सरकारच्या नोंदीत असतात आणि त्यांवर त्या बंद पडलेल्या आस्थापनेचे नाव व प्रत्येक महिन्याची किंवा तिमाहीची रक्कम तशीच राहते. कंपनी निबंधकांच्या नोंदीतून तिची स्थापना आणि सद्यःस्थिती दाखवणारा उतारा काढता येतो. त्यांना नेमणूकपत्र, पगारपावत्या, क्लायंटचे प्रवेशपत्र, त्या काळातल्या सहकाऱ्यांची व क्लायंटकडच्या वरिष्ठाची निवेदने जोडली, तर लेटरहेडवरचे पत्र नसतानाही कालावधी, पगार आणि काम या तिन्ही गोष्टी स्वतंत्र हातांनी उभ्या राहतात. त्या सहकाऱ्यांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक मात्र कोणत्याही सरकारी नोंदीत सापडत नाहीत; ते ज्याचे त्यानेच जपलेले असावे लागतात.